रामराम, दोन बोटं आणि सोयाबीन

आजचा एपिसोड मी अकोल्याच्या घरून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे कुलरचा आवाज येईल. तो बंद केला तर मी बंद पडेन. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तू गाडीवर एपिसोड कधी करणार. करतो करतो म्हणत मी आठ महिने टाळलं. का टाळलं, ते पुढे येईलच.

विषय छोटा आहे. रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला आपण हात करतो ना, तो हात.

माझं थोडक्यात सांगतो, नव्या मंडळींसाठी. शाळा अकोल्यात, बीटेक अमरावतीला, नोकरी पुण्याला. कोडिंग करतो, पोट भरतो. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून पैसे साठवून साडेतीनशे सीसीची बुलेट घेतली. ती पुण्यात चालवायला घेतली असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे पुण्यात ती पार्किंगमध्येच उभी असायची. गेल्या दीड वर्षापासून अर्धा महिना घरून काम असतं, म्हणून गाडी ट्रेनमध्ये टाकून अकोल्याला आणली आणि कॉलेजचे जुने दोस्त गोळा करून रविवारच्या राइड सुरू केल्या. चिखलदरा तर झालाच. परतवाड्यावरून घाट चढायचा, धुक्यात भजे खायचे, फोटो काढायचे, उतरायचं. वऱ्हाडात गाडी घेतलेल्या माणसाचा तो पहिला संस्कारच आहे.

तर तिथे, चिखलदऱ्याच्या घाटात, मला पहिल्यांदा 'ते' मिळालं. समोरून नागपूरच्या नंबरच्या सात-आठ मोठ्या गाड्या आल्या. जॅकेट, सामान बांधलेलं, पुढच्यानं डावा हात हँडलखाली नेला आणि दोन बोटं रस्त्याकडे दाखवली. मागच्या सगळ्यांनी तेच केलं. मला काय झालं काय सांगू. अंगावर काटा आला. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला अनोळखी माणसं आपल्यात घेतात, याच्यासारखी नशा नाही. घरी येऊन मी यूट्यूबवर त्याचा पूर्ण अभ्यास केला. दोन बोटं खाली म्हणजे दोन चाकं खाली, म्हणजे गाडी रस्त्याला धरून राहो, सुखरूप जा, असा त्याचा अर्थ लावतात. १९०४ साली हार्ले आणि डेव्हिडसन हे दोघे रस्त्यात एकमेकांना भेटले आणि त्यांनी हात केला, तिथून ही पद्धत सुरू झाली, अशी एक दंतकथाही बायकर लोक फार प्रेमानं सांगतात.

आता यात एक तांत्रिक गोची आहे, ती इंजिनिअर म्हणून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर जगभर उजव्या हातात. म्हणजे मोकळा सोडता येतो तो डावा हात. अमेरिकेत, युरोपात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरचा माणूस तुमच्या डाव्या हाताला येतो. डावा हात मोकळा, समोरचा डाव्या बाजूला, काम सोपं. आपण चालतो डावीकडून. समोरचा येतो उजवीकडे. मोकळा हात पलीकडच्या बाजूला, म्हणजे पेट्रोलची टाकी, हँडल, आपलं पोट या सगळ्यांच्या आड. आपण ऐटीत दोन बोटं दाखवतो ती समोरच्याला अर्धी दिसतात, अर्धी नाही. इंग्लंडमध्येही डावीकडूनच चालतात, तर तिथले लोक हाताच्या भानगडीत फार पडत नाहीत, हेल्मेटसकट मान हलवतात. फ्रान्समध्ये तर एखाद्यानं वाट दिली की आभार मानायला चक्क पाय बाहेर काढून दाखवतात. आपल्याकडे कुणाला पाय दाखवून बघा. मग दवाखान्याचा खर्च कोण देतं तेही बघा.

आपल्या यूट्यूबवाल्या पोरांनी मात्र तो हात जसाच्या तसा उचलला. मीही उचलला.

आणि त्याबरोबर एक नियमही आला, जो कुणी लिहून ठेवलेला नाही. हात कुणाला करायचा? मोठ्या गाडीला. सामान बांधलेल्या गाडीला. स्प्लेंडरला नाही. आणि दुधाचे कॅन लटकवलेल्या, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं बसवलेल्या गाडीला तर अजिबात नाही. देशात नोंदलेल्या वाहनांत साधारण तीन-चतुर्थांश दुचाकीच आहेत, सगळ्यांना हात करायचा तर हँडल कधी धरणार, हे लॉजिक मी स्वतः ग्रुपवर मांडलंय. लेह-मनालीला वाहनं कमी म्हणून तिथे सगळे सगळ्यांना अंगठा दाखवतात, आपल्याकडे ते शक्य नाही, वगैरे. लॉजिक चूक नाही. पण ते मांडताना माझ्या मनात रहदारी नव्हती, माझी गाडी होती. हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

आता बाबांचं सांगतो.

बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. शाळा म्हैसांगच्या पुढे, पूर्णेच्या काठच्या एका गावात. एकोणीस वर्षं अकोल्याहून रोज जाऊन-येऊन. आधी एम-एटी होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एम-एटी म्हणजे गाडी आणि बैल यांच्या मधला प्रकार. तिच्यावर गव्हाचं पोतं, सिलिंडर, ढेपेची गोणी आणि वर दोन माणसं असं काहीही जायचं. नंतर स्प्लेंडर घेतली. लहानपणी शनिवारी सकाळची शाळा असली की मी बाबांच्या मागे बसून जायचो. आणि मला आठवतं, त्या रस्त्यावर बाबांचा उजवा हात सारखा हँडल सोडायचा. समोरून कुणी आला, 'रामराम मास्तर.' बाबांचा हात वर, 'रामराम.' कुणी 'जय गजानन', कुणी 'जय भीम', कुणी 'सलाम सर'. ज्याचा जो शब्द असेल तोच बाबांच्या तोंडून परत. ओळख असो नसो. बैलगाडीवाला असो, सायकलवाला असो, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पायी चाललेला असो. समोरून एसटी आली तर ड्रायव्हर काचेतून हात करायचा. दोन एसट्या समोरासमोर आल्या तर काय होतं तुम्हाला माहीतच आहे. खिडकीला खिडकी लावून दोन्ही ड्रायव्हर निवांत बोलतात, आणि मागचे हॉर्न वाजवून दमतात.

उजवा हात म्हटलं ते मुद्दाम. बाबा कधीच डाव्या हातानं रामराम घालत नाहीत. आमच्याकडे डाव्या हातानं कुणी नमस्कार करतं का? आणि उजवा हात सोडला की ॲक्सिलरेटर सुटतो, गाडी आपोआप मंद होते. एवढ्या वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक रामरामला गाडी थोडी हळू होऊन पुन्हा वेग घ्यायची, आणि मी मागे बसून वैतागायचो की बाबा गाडी धक्के देत चालवतात.

बरं, नुसता रामरामच नव्हता. त्या रस्त्याला स्वतःची एक भाषा होती, आणि ती तुम्हीही बोलता, फक्त भाषा म्हणून कधी पाहिली नसेल. सगळ्यात मोठा शब्द 'स्टँड!' मला सांगा, तुमच्यापैकी असा कोण आहे ज्याला आयुष्यात एकदा तरी अनोळखी माणसानं ओरडून सांगितलं नाही, 'भाऊ, स्टँड!' सिग्नलला, गल्लीत, पुलावर. साइड स्टँड खाली राहिला आणि डावं वळण घेतलं की तो रस्त्याला टेकतो आणि गाडी उलटते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ज्याला दिसतं तो ओरडतो. कुणी नुसता पाय झटकून दाखवतो. म्हातारी माणसं काठी दाखवतात. 'ताई, ओढणी!' हा दुसरा. 'पदर सांभाळा वहिनी' हा तिसरा. चाकात पदर गेलेली बाई ज्यानं एकदा पाहिली तो माणूस पुढं आयुष्यभर ओरडत राहतो.

चौथा इशारा होता पाची बोटं एकत्र आणून उघड-मीट, उघड-मीट करायची. म्हणजे भाऊ, दिवसा लाइट चालू आहे, बॅटरी जाईल. याची एक गंमत झाली. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू राहील अशीच सक्ती आली, बटणच काढून टाकलं. अपघात कमी व्हावेत म्हणून. तर २०१७ च्या उन्हाळ्यात ज्यानं नवीन गाडी घेतली, त्याला अर्धा वऱ्हाड बोटं उघड-मीट करून दाखवत होता. माझ्या मामानं तेव्हाच गाडी घेतली होती. तो सुरुवातीला प्रत्येकाला समजावून सांगायचा, 'भाऊ, बंदच होत नाही, कंपनीनंच तसं देल्लं.' महिन्याभरानं त्यानं नाद सोडला आणि सगळ्यांना नुसता 'हाव हाव' करायला लागला. आता नव्या गाड्यांत स्टँडलाही सेन्सर आलाय, स्टँड खाली असला की गिअर टाकल्यावर इंजिनच बंद पडतं. चांगलंच आहे. मी त्या धंद्यातला आहे, सेन्सरला नावं ठेवणार नाही.

आणखी एक आहे, डोक्यावर टपली मारून दाखवायची. म्हणजे पुढं हेल्मेटची पावती फाडून राह्यले. मग आरशाला अडकवलेली हेल्मेटं पटापटा डोक्यावर चढतात. कायद्याचं कलम १२९ अमलात आणण्याची आपली ही लोकपद्धत. याच इशाऱ्यामुळे शेवटी डोक्यावर हेल्मेट येतं, म्हणून मला त्याचा राग आणता येत नाही.

आणि शेवटचा, जो आजच्या गोष्टीत लागणार आहे. हात बाजूला काढायचा, तळवा जमिनीकडे, आणि हवेत दोन-तीनदा दाबायचा. जसं झोपलेल्या पोराला थोपटतात तसं. म्हणजे हळू. पुढं काहीतरी आहे. १९८९ च्या रस्ता नियमांतही हात वर-खाली करून 'मी वेग कमी करतोय' सांगायचा इशारा होता, पण तो मागच्यासाठी. गावातला माणूस तो समोरच्यासाठी वापरतो. 'तू वेग कमी कर.'

आता मोठ्या रस्त्याचं एक सांगून मग त्या दिवसाकडे येतो.

अमरावती-अकोला हा रस्ता आधी कसा होता ते आमच्या पिढीला विचारा. अमरावतीहून सुट्टीला घरी यायचं तर मूर्तिजापूरपर्यंत कंबर आणि बोरगाव मंजूपर्यंत बोलणं दोन्ही जायचं. वर्षानुवर्षं काम अडलेलं. मग जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटर एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या ग्रुपवर तेव्हा दोन दिवस दुसरा मेसेज नव्हता. रस्ता खरंच झकास झाला. पण चौपदरी रस्त्यावर समोरचा माणूस दिसत नाही. मधे डिव्हायडर, त्यावर कण्हेर लावलेली. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून लावतात, आणि ती तेवढी दाट होते की उजेडाबरोबर माणूसही जातो. आता हायवेवर समोरासमोर तोंड दिसतं ते फक्त राँग साइडनं येणाऱ्याचं. त्याला आपण जे काही म्हणतो त्याला रामराम म्हणता येणार नाही.

म्हणून आम्ही त्या रविवारी आतल्या रस्त्यानं निघालो. मागचा ऑक्टोबर. अमरावतीहून वलगाव, खोलापूर, दर्यापूर, मग लासूर. लासूरला आनंदेश्वराचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, यादवकाळातलं, पूर्णेच्या काठावर. तुम्ही पाहिलं नसेल तर जा, वेरूळ-अजिंठ्याला निघालेले लोक ते सोडून पुढे जातात. देवळात तासभर बसलो. मग म्हैसांगवरून अकोला, आमच्या घरी जेवण, असा बेत. आई वांग्याची भाजी आणि रोडगे करणार होती.

पाच गाड्या होत्या. पुढे मी. ग्रुप राइडमध्ये पुढच्याला लीड म्हणतात. त्याचं काम रस्ता वाचणं आणि मागच्यांना हातानं सांगणं. खड्डा असेल तर बोट, थांबायचं असेल तर मूठ. हे सगळे इशारे मी सगळ्यांना पीडीएफ करून पाठवले होते. हो, पीडीएफ. (हसू नका.)

तो सगळा खारपाणपट्टा. काळी, खोल माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटेसारखा होतो. गाडी वर-खाली होत जाते, मजा येते. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागलेला, सोयाबीन सोंगून झालेलं. वेग सत्तर-पंच्याहत्तर असेल. समोरून एक माणूस आला. जुनी गाडी, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला, मागे गवताचा भारा. त्यानं आम्हाला पाहून हात बाहेर काढला आणि हलवला.

मला काय वाटलं? मला वाटलं, गावातला माणूस पोरांच्या मोठ्या गाड्या पाहून खूश होऊन हात करतोय. आणि मी, मोठ्या मनानं, आज एका साध्या गाडीवाल्यालाही आपण हात करू असं मनात म्हणत, दोन बोटं दाखवली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे वाक्य मी लिहून ठेवलं होतं आणि वाचताना गाळायचं ठरवलं होतं, पण आता वाचून टाकलंच.

पुढे वळण होतं. वळणानंतर रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत घातलेलं.

ते रस्त्यावर का घालतात यावरून भांडण करायला बरेच जण तयार असतात, मीही होतो. पण गावात आता खळं राहिलं नाही. मळणी यंत्र शेतात येतं, माल पोत्यात. ऑक्टोबरात पाऊस कधी येईल सांगता येत नाही, दाणा ओला. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा बारा टक्के धरतात, २०२४ मध्ये ती ओरड झाल्यावर पंधरापर्यंत सैल केली होती. ओला माल परत जातो, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. तर शेतकऱ्यानं वाळवायचं कुठं? सगळ्यात सपाट, सगळ्यात तापलेली जागा म्हणजे डांबरी रस्ता. त्यानं कडेनं दगड मांडले होते, त्याच्या परीनं व्यवस्थित. पण वाऱ्यानं आणि गाड्यांनी दाणे उरलेल्या रस्त्यावरही आलेले.

सोयाबीनचा दाणा गोल असतो. डांबरावर तो बेअरिंगच्या छऱ्यासारखा फिरतो. मी वळणातून बाहेर आलो, मला ते दिसलं, आणि ब्रेक मारायला वेळच मिळाला नाही म्हणून मी तसाच सरळ निघून गेलो. नशीब. माझ्या मागच्याला वेळ मिळाला. त्यानं पुढचा ब्रेक दाबला.

त्याचं नाव घेऊ नको असं त्यानं सांगितलंय, म्हणून आपण त्याला सोयाबीन म्हणू. ग्रुपवर आता त्याचं तेच नाव आहे.

आवाज आधी आला. आरशात मी त्याला रस्त्यावर घसरत जाताना पाहिलं, गाडी एकीकडे आणि तो एकीकडे. हेल्मेट होतं, जॅकेट होतं, म्हणून आज हा एपिसोड असा हसत-खेळत होतोय. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांच्या वर माणसं मेली आणि त्यातली चव्वेचाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हा आकडा मी आधीही कुठं कुठं वापरला होता, प्रेझेंटेशनसारखा. त्या दिवशी तो रस्त्यावर बसून उजवा हात पोटाशी धरून 'दुखून राह्यलं बे, दुखून राह्यलं' म्हणत होता.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं.

आता इथं मला अशी गोष्ट सांगायला आवडली असती की मोठ्या गाड्यावाले निघून गेले आणि गरीब शेतकरी धावून आला. तसं झालं नाही. शेतकरी आला, त्याची बायको पाणी घेऊन आली, आणि ती आमच्यापेक्षा जास्त रडत होती. 'माह्या सोयाबीननं झालं' म्हणत होती. पण मागून अमरावतीचे तीन बायकरही आले, तेही थांबले. त्यांच्यातल्या एकाकडे प्रथमोपचाराची पेटी होती, त्यानं व्यवस्थित हात गळ्यात बांधून दिला. आम्ही १०८ ला फोन लावला, पण तेवढ्यात कापसाची एक रिकामी बोलेरो पिकअप आली, ड्रायव्हर म्हणाला बसा, अर्ध्या तासात अकोल्यात नेतो. नेलं. पैसे घेतले नाहीत. दवाखान्यात हाडाला प्लेट बसवावी लागली.

सोयाबीनला नवी नोकरी लागली होती, नोव्हेंबरात जॉइनिंग. ते महिनाभर पुढे ढकलावं लागलं. कंपनीनं ऐकलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी तेव्हा रात्री-रात्री केला. त्याच्या घरी तो एकटाच कमावता आहे.

त्या रात्री घरी बाबांना सगळं सांगितलं. आईनं केलेले रोडगे तसेच होते. बाबांनी आधी विचारलं, पोरगा कसा आहे. मग विचारलं, कुठं झालं. मी सांगितलं. मग सहज बोलण्यात मी त्या दुपट्टेवाल्याचं सांगितलं, की बघा बाबा, एक मिनिट आधी एक माणूस इतकं छान हात करून गेला आणि लगेच हे.

बाबा थांबले. 'हात कसा केला त्यानं?'

मी हात हलवून दाखवला.

'तळवा वर होता का खाली?'

मला आठवेना. मग आठवलं. खाली होता. तो हात तसा हलवतच नव्हता, दाबत होता. दोन-तीनदा.

बाबा म्हणाले, 'तुले हळू चाल म्हणून राह्यला होता तो. मंग तू काय केलं?'

मी म्हटलं, 'मी पण हात केला.'

बाबा काही बोलले नाहीत. जेवायला बसले. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, 'रामराम घालाचा असता तं त्यानं उजव्या हातानं घातला असता.'

हे मी कुणालाही सांगितलं नाही. ग्रुपवर चर्चा झाली की शेतकऱ्यांनी रस्त्यावर धान घालू नये, प्रशासनानं काहीतरी करावं, टायर कोणते बरे. मी त्या चर्चेत भाग घेतला. टायरवर तर मी मोठा मेसेज लिहिला. सोयाबीनला भेटायला दर आठवड्याला जायचो, त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायचो, आणि ती म्हणायची, 'तू होता म्हणून बरं झालं रे बाबू.' आणि मी चहा प्यायचो.

मधल्या काळात मी त्या रस्त्यानं पाच-सहा वेळा गेलो, एकटा. बाबांची स्प्लेंडर घेऊन. तो माणूस भेटेल असं वाटायचं. पांढरा दुपट्टा बांधलेले त्या रस्त्यावर शंभर लोक आहेत. कुणाला विचारणार आणि काय विचारणार? पण स्प्लेंडरवर गेलो की लोक बोलतात. बुलेटवर नुसते बघतात. एकानं बाबांची गाडी ओळखली आणि मला थांबवून विचारलं, 'मास्तरची तब्येत बरी हाये ना? गाडी दिसली अन् मास्तर नाई दिसले.' मी म्हटलं बरी आहे, रिटायर झाले. तो म्हणाला, 'मंग सांगा त्याईले, शाळेच्या वळणावर पूल झाला म्हणून.' आणि निघून गेला. बाबांना सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला. मग त्यांनी तासभर त्या पुलाचा इतिहास सांगितला.

डिसेंबरात एकदा असंच जात होतो. तुरीच्या काड्या भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात आडवा फसला होता, जेमतेम एक गाडी निघेल एवढी जागा. मी तिथून निघालो आणि थोड्या अंतरावर समोरून चार मोठ्या गाड्या आल्या, वेगात. मी हात बाहेर काढला. तळवा खाली. दाबला, दोनदा, तीनदा.

पुढच्यानं मला दोन बोटं दाखवली. मागच्या तिघांनीही.

मी गाडी थांबवून मागे वळून पाहत राहिलो. पुढच्याचा ब्रेकलाइट लागला. ट्रॅक्टर त्यांना लांबूनच दिसला असावा, सरळ रस्ता होता. चौघंही हळू झाले, निघून गेले. काहीच झालं नाही. मी तिथे बऱ्याच वेळ उभा होतो, पाय थरथरत होते. त्यानंतर मी असं करायला लागलो की नुसता हात करत नाही, आधी डिप्पर मारतो, दोनदा-तीनदा, मग हात. डिप्पर पाहिला की माणूस दचकतो, त्याला वाटतं पुढं पोलीस आहेत. वेग तरी कमी होतो. पावतीच्या भीतीनं का होईना.

आणि मागच्या आठवड्यात, हा एपिसोड करायचं ठरवल्यावर, मी सोयाबीनकडे गेलो. म्हटलं रेकॉर्ड करण्याआधी त्याला सांगायला पाहिजे. त्यानं ऐकावं आणि हजार लोकांसोबत ऐकावं, हे बरं दिसत नाही. गच्चीवर बसलो होतो. मी सगळं सांगितलं, दुपट्टा, तळवा, बाबा काय म्हणाले, आठ महिने का बोललो नाही. मी लीड होतो, तो इशारा मागे देणं माझं काम होतं, मी दिला नाही.

तो बराच वेळ गप्प होता. खांद्याला हात लावत होता. प्लेट अजून आत आहे, ती काढायची का ठेवायची हे डॉक्टर पुढच्या वर्षी ठरवणार आहेत. मग म्हणाला, 'मी पण पाह्यलं होतं त्याले.'

मी म्हटलं, 'मग?'

'मग काय. तू दोन बोटं दाखवले, मी पण दाखवले. तोच हात वापस हँडलवर आणेपर्यंत वळण आलं.'

त्यानं अजून गाडी हातात घेतलेली नाही. विकायचीही नाही म्हणतो. मागच्या रविवारी बाबांची स्प्लेंडर घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि त्याला मागे बसवून राजकमल चौकापर्यंत चहाला नेलं. सिग्नलला एक बाई ओरडली, 'ए भाऊ, स्टँड!' मी खाली पाहिलं. खरंच खाली होता. जुनी गाडी, तिला सेन्सर नाही. मागून सोयाबीननं आधी माझ्या डोक्यावर हेल्मेटवर टपली मारली आणि मग त्या बाईला उजवा हात केला.

आज इथंच थांबतो, कुलरचं पाणी संपलं बहुतेक, आवाज बदललाय. तुमच्या गावाकडे रस्त्यावर कोणते इशारे चालतात, तळवा खाली म्हणजे काय, बोटं फिरवली म्हणजे काय, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. मराठवाडा, खानदेश, कोकण, सगळीकडून. मी गोळा करतोय. पीडीएफ नाही करणार, शप्पथ.